गयेला सोडलेली भाजी

॥ श्री ॥

बोरिवली (पूर्व),
२८ मे

ती. वहिनीस,
प्रेमाचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी तुला आंबे मिळाले का विचारलं, तर तू मला गुडघ्यांची हकिगत सांगितलीस. तेव्हाच ठरवलं, आता आपलं जुनं पत्रच बरं. कानाचं यंत्र कपाटात आराम करतंय असं श्रुतिका म्हणाली. सुनेने चहाडी केली म्हणून तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

रविवारी आमच्या ह्यांना समुद्राची हुक्की आली म्हणून केळव्याला गेलो. एका घरात ओसरीवर पाट मांडून जेवायला घालतात. तांदळाची गरम भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कैरी घातलेली डाळ, आणि वर ताडगोळे. ताडगोळा सोलताना पाणी थेट कोपरापर्यंत ओघळलं आणि मला आपली वाडीच आठवली. जेवून तिथेच चटईवर आडवी झाले. सुरूच्या झाडांत वारा शिरला होता आणि आतून कुणीतरी ताटं घासत होतं. डोळा लागता लागता वाटलं, आत दादाच बसलाय आणि अजून एक भाकरी मागतोय. उठावंसंच वाटेना गं. यांनी दोनदा हाक मारली तरी मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.

आता मुद्द्याचं. चार सरी पडल्या की रानात शेवळांचे कोंब येतील. दादा दर वर्षी तुला घेऊन मुरबाडला पुतळाबाईंच्या खानावळीत जायचा, शेवळांची भाजी खायला. गेल्या जूनमध्ये तो दवाखान्यात होता आणि श्रावणात आपल्याला सोडून गेला, तेव्हा ती फेरी राहून गेली. या वर्षी आपण जाऊ. गाडी आमची, चालवणार हे, बडबड माझी. तुला फक्त बसायचं आहे.

आणि एक सरळच विचारते. तू सकाळी अकराला ओट्याशी उभ्याने वाटीभर खिचडी खातेस आणि मग दिवसभर भूक नाही म्हणतेस, हे खरं का? राजेश-श्रुतिका जेवायला बसले की तू देवळात निघून जातेस म्हणे. पाडव्याला पाहिलं तेव्हा तुझ्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. मला भीती वाटते, वहिनी. भाऊ गेला, आता तू अशी हळूहळू संपत चाललेली मला बघवणार नाही.

उत्तर लगेच टाक. माझ्यावर रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी नणंद,
प्रेमा

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
४ जून

चि. सौ. प्रेमा हिस,
वहिनीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुपारी खिडकीत बसून दोनदा वाचलं. तुझ्या ताडगोळ्याचं पाणी वाचताना माझ्याच हाताला चिकट लागलं. सुबोधरावांना सांग, बायकोला असंच हिंडवत जा, नाहीतर ती घरी बसून लोकांच्या बांगड्या मोजते.

आमच्याकडे सगळं ठीक. खालच्या गल्लीत जांभळं आली आहेत. राजेशने आणली, श्रुतिकाने मीठ लावून ठेवली, दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या. मी दोन खाल्ली. खोटं कशाला सांगू, एकच खाल्लं.

मुरबाडला मी येणार नाही. कारण तुला सांगायचं राहिलं होतं. जानेवारीत राजेशबरोबर गयेला गेले ना, तिथे पिंडदान झाल्यावर गुरुजी म्हणाले, एक फळ आणि एक भाजी सोडा. आमच्या रांगेतली माणसं फार हुशार. एकाने कारलं सोडलं, एकीने तर ड्रॅगन फ्रूट सोडलं. राजेशनेही दुधी सोडला, जो त्याने जन्मात खाल्लेला नाही. मीही फळात रामफळ सांगून मोकळी झाले, मला ते कुठे आवडतं? पण भाजी विचारली तेव्हा तुझ्या दादाचा चेहरा समोर आला. इतकी वर्षं ज्यानं मला भरवलं त्याच्यासाठी दुधी काय सोडायचा? तोंडातून शेवळं निघून गेलं. गुरुजींना ती ठाऊकच नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं, मीही दोनदा सांगितलं आणि पाणी सोडलं.

माझ्या माहेरी मालवणाकडे मी शेवळं कधी पाहिली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तुझ्या आईने ती तपकिरी कोंबांची जुडी माझ्यापुढे टाकली, तेव्हा ह्या काय खातत ही माणसा, असं मनात आलं होतं. तू तेव्हा परकर नेसून दारात उभी राहून हसत होतीस. नंतर तुझ्या दादानेच गोडी लावली. तो मुरबाडच्या खानावळीचा पत्रा, त्यावरून गळणारं पाणी, स्टँडवर धूर सोडत उभी राहिलेली एसटी, आणि माझ्या पानात स्वतःच्या वाटीतले सुक्या कोळंबीचे सोडे हळूच टाकणारा तो. दुपारी पडले की हल्ली हेच दिसतं. त्यात मी जेवत असते, पोट भरत नसतं, आणि तरी बरं वाटत असतं. जाग आल्यावर मग जेवायची इच्छा राहत नाही. समोर तिसरं पान मांडलं की चौथं मांडावंसं वाटतं, म्हणून मी टेबलाशी बसत नाही. बाकी काही दुखणं नाही.

सोडलेलं सोडलं. त्यावर वाद घालू नकोस. सुबोधरावांना नमस्कार, आणि तुझं हे पोरकट प्रेम आहे तसंच असू दे.

तुझी,
सुगंधा वहिनी

॥ श्री ॥

बोरिवली (पूर्व),
१२ जून

ती. वहिनीस,
प्रेमाचा सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने नाही, जुडीबरोबर येतंय. राजेश ऑफिसातून सुटल्यावर आमच्याकडून घेऊन जाणार आहे. पिशवी उघडून किंचाळू नकोस, आधी पत्र पूर्ण वाच.

तू नाही म्हणालीस तरी आम्ही काल मुरबाडला गेलो. डोंगर ढगात बुडाले होते, नुसते पायथे दिसत होते, आणि भाताच्या खाचरांत पाणी साठायला लागलं होतं. पुतळाबाई आता थकल्या, सून चूल सांभाळते, पण शेवळांना त्या अजून कुणाला हात लावू देत नाहीत. तू सांगितलंस तसाच तो पत्रा, तसंच पाणी. पान वाढलं आणि सोड्यांचा वास आला तसे आमचे हे मान खाली घालून जेवायलाच लागले. मीही डोळे मिटून खात होते. जिभेवर आधी आंबट, मग काहीतरी मातीचं, जंगलातलं, आणि मग गोड. बाहेर कुणाची तरी म्हैस अंगावर पाऊस घेत शांत उभी होती. वाटलं, आपल्याला कुठे जायचंच नाहीये, आपणही असंच उभं राहावं.

पुतळाबाईंनी विचारलं, दादा-वहिनी कुठे? मी सांगितलं. त्या तशाच उठल्या. मग आत जाऊन ही जुडी आणि पानात बांधलेली काकडं, शेवळांची खाज मारणारी ती आंबट रानफळं, घेऊन आल्या. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, त्या बाईंचे हात कामाला लावा, तोंडाचं नंतर बघू.

आता माझं ऐक. गयेला तू खाणं सोडलंस, रांधणं नाही सोडलंस. राजेशने बाबांच्या आवडीची भाजी गेल्या वर्षीही खाल्ली नाही आणि यंदाही तो तोंड उघडून मागणार नाही, तुझाच मुलगा तो. रविवारी आम्ही दोघं दुपारी येतो. तू भाजी कर. आईचा नियम मला पाठ आहे, शेवळं रांधणारीने आधी स्वतःच्या घशाखाली घालायची, खाज येत नाही हे बघायचं, मगच दुसऱ्याच्या पानात वाढायची. तर ती चव मी घेईन. माझा घसा आयुष्यभर बडबडून निबर झालाय, त्याला काही होत नाही. तुझं व्रतही राहील आणि पोराला भाजीही मिळेल.

खारदांड्याचे सोडे पिशवीच्या तळाशी आहेत. दुकानातून नव्हे, थेट कोळणीकडून आणलेत, नाक मुरडू नकोस.

भांडलीस तर भांड, पण दार उघडं ठेव.

तुझी,
प्रेमा

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
१६ जून

चि. सौ. प्रेमा हिस,
वहिनीचे अ. उ. आ.

सुबोधरावांचा ताप उतरला का? शनिवारी रात्री राजेशने सांगितलं की तुम्ही येत नाही, तेव्हा मला आधी हायसं वाटलं आणि मग तुझा राग आला. जुडी माझ्या गळ्यात बांधून चव घेणारी घरी बसली. रविवारपर्यंत शेवळं मऊ पडायला लागली होती. टाकून द्यावी तर पुतळाबाईंचा चेहरा दिसायला लागला. शेवटी सकाळी विळी घेतली.

श्रुतिका शेजारी येऊन बसली. तिला सगळं बघायचं होतं. वरचं आवरण कसं सोलायचं, आतलं पिवळं का काढून टाकायचं, काकडं ठेचून त्यांचं पाणी कसं काढायचं, हे सांगता सांगता माझ्या तोंडून तुझ्या आईचीच वाक्यं निघत होती. मला ती एवढी पाठ आहेत हे ठाऊकच नव्हतं. शेवळं तेलात परतली, सोडे घातले, काकडांचं पाणी ओतलं आणि घरभर तो वास पसरला. राजेश आतल्या खोलीतून येऊन दाराशी उभा राहिला. तिथून हललाच नाही.

भाजी शिजली आणि मी तिथेच अडले. चव कोण घेणार? मीठ मी वासावरून सांगते, नैवेद्याला कुठे आपण चाखतो? पण खाज वासावरून कळत नाही. मी भांड्याकडे बघत उभी राहिले. राजेश म्हणाला, काही होत नाही, वाढ. मी नको म्हटलं. तेवढ्यात श्रुतिकाने चमचा भरला. म्हणाली, आई, मी बघते, आणि फुंकर घालून तोंडाकडे नेला.

प्रेमा, माझा हात कसा गेला मला कळलं नाही. मी तो चमचा तिच्या ओठांजवळून ओढून घेतला आणि माझ्या तोंडात घातला. दुसऱ्याची लेक आपल्या घरी आलेली, तिच्या घशावर मी परीक्षा बघू? तुझ्या आईनेही माझ्यावर कधी बघितली नव्हती. एवढंच डोक्यात होतं. गया, गुरुजी, सोडलेलं पाणी, काही म्हणजे काही आठवलं नाही.

घास घशाखाली गेल्यावर आठवलं. चमचा हातात तसाच. दोघं माझ्याकडे बघत होते, घसा धरला का म्हणून. मी डोळे मिटले. आणि अगं, पत्र्यावरून पाणी गळायला लागलं. एसटीचा धूर आला. ओल्या बाकाचा गारवा पाठीला लागला. तुझा दादा शेजारी बसला होता, वाटीतले सोडे वेचत. तो माझ्याकडे बघत नव्हता, त्याचं सगळं लक्ष माझ्या पानाकडे होतं, माझं पान रिकामं होऊ नये म्हणून. मी किती वेळ अशी उभी होते कुणास ठाऊक. खाज आली नाही. भाजी चांगली झाली होती. मी रडले, आणि ते दोघं घाबरले, त्यांना वाटलं घसा सुजला. श्रुतिका गूळ घेऊन धावली.

मग मी सांगितलं की व्रत मोडलं. राजेश म्हणाला, बाबांना विचारलं असतं तर त्यांनी गुरुजींशीच भांडण काढलं असतं. मी हसले. हसताना भूक लागली, खरीखुरी. श्रुतिकाने न विचारता माझं पान मांडलं, दोघांच्या मध्ये. मी बसले. भाकरी मोडली. आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, राजेशच्या वाटीतली.

गयेला पाणी सोडून दिलेला शब्द असा मोडून चालणार नाही, त्याच्या बदली काहीतरी द्यायलाच हवं. म्हणून संध्याकाळी देवापुढे बसले आणि पुन्हा पळीभर पाणी सोडलं. शेवळं परत घेतली. त्याऐवजी एकटीने जेवणं सोडलं.

सुबोधरावांना मऊ भात दे, आणि पुढच्या पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
सुगंधा वहिनी