सेन्सरचं पांढरं टोक

८ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा दिवा लागला! मोशीच्या सिग्नलला उभी होते आणि समोर इंजिनाचं पिवळं चिन्ह. गेल्या आठवड्यात दोनदा लागून आपोआप विझलं होतं, म्हणून मी तिकडे कानाडोळा करायचं ठरवलं होतं. गाडी उभी असली की थरथरते. पेट्रोल पाण्यासारखं पिते. चाकणला कंपनीत पोहोचेपर्यंत ओढणीला पेट्रोलचा वास — लॅबमधली अंजली म्हणाली, "पंपावर नोकरी धरलीस का गं?"

घरी सांगितलेलं नाही. शेखर लगेच म्हणेल, विकून टाकू. विकायला ती त्याची नाही आणि माझीही नाही. आप्पांची आहे.

९ सप्टेंबर

आप्पांना सांगायला हवं. पण सासऱ्यांपाशी गाडीचा विषय काढणं म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं.

जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, पाय बराच सुधारला, उजवा हात अजून ढिला आहे. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. शेखरने किल्ली माझ्या हातात दिली — तू चाकणला जातेस, तूच वापर. त्या दिवसापासून आप्पा त्या गाडीत बसलेले नाहीत. लग्नकार्य असो, दवाखाना असो, आईंना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन रिक्षा करतात. मी डावीकडचं दार उघडून उभी राहिले तरी "तू जा, मी येतो मागनं." मला कधी वाकडं बोलले नाहीत. बोलणंच कमी झालंय.

आप्पांनी पस्तीस वर्षं मोटारींच्या कंपनीत नव्या गाड्यांना गेटबाहेर पडण्याआधीचा शेवटचा हात मारला — पुसायचं, चमकवायचं, डाग शोधायचा. रिटायर झाल्यावर पहिली स्वतःची गाडी घेतली आणि ती चालवतेय सून! मला ती चालवताना चोरी केल्यासारखं वाटतं. एवढंच हवंय मला. एकदा त्यांनी शेजारी येऊन बसावं.

रात्री जेवताना सांगून टाकलं. आप्पांनी घास खाली ठेवला. "वास उभी असताना येतो का पळताना?" उभी असताना, म्हटलं. "मग पेट्रोल जास्ती जातंय. गणराजला दाव." आठ महिन्यांतलं सगळ्यात मोठं संभाषण!

१३ सप्टेंबर, शनिवार

भोसरीतच गणराजच्या गॅरेजला गेले. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. स्क्रीनवर एक आकडा दाखवला. म्हणे, इंजिन चालू असताना हा सारखा वरखाली नाचायला हवा. आमचा रुसलेल्या जावयासारखा एका जागी बसलेला.

त्याने समजावलं ते असं — धुराच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून गेलेल्या हवेत ऑक्सिजन किती उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्यावर पेट्रोल कमी-जास्त होतं. सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटर अंदाजाने ओतत राहतो. वायरी बघितल्या, ठीक. नळी कुठे फुटलेली नाही. "वय झालं वहिनी त्याचं. बदलून टाकू."

मी म्हटलं, मी बदलेन. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट मोजते, एक घरचा बसवता येणार नाही? गणराज हसला, पण त्याच्याकडचा खाचेचा पाना आणि स्कॅनर दोन्ही दिले. "जोर जास्त झाला तर आटे जातील. मग माझ्याकडंच यायचंय." नवा सेन्सर पिंपरीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला.

१४ सप्टेंबर, रविवार

आम्ही सेन्सर बदलला! "आम्ही" लिहिताना फार बरं वाटतंय.

घराखालच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसले. कनेक्टर सुटला. सेन्सर काही केल्या हलेना. पान्याला लटकले, दात-ओठ खाल्ले, तळमजल्याचे भाडेकरू दारात येऊन करमणूक करून घेत होते. तेवढ्यात जिन्यावरून कठडा धरत आप्पा. टॉर्च घेतली, डाव्या हातात.

"थंड लोखंडाशी भांडू नको. चालू कर जरा. कोमट हू दे, मग बग."

चालू केली, बंद केली, हातमोजे चढवले. कुरकुरत फिरला! नवा बसवताना त्यांचा उजेड बरोबर जिथे हवा तिथे. "टोकाला बोट न्हाई लावायचं ना?" नाही, म्हटलं. "आदी हातानं फिरव. तिरका बसला तर आपल्यालाच रडायला लागंल." पाना धरून शेवटचा पीळ दिला, गणराजच्या स्कॅनरने जुनी नोंद पुसली, चालू केली. आकडा नाचायला लागला. आप्पा तोंड भरून हसले.

आणि माझी घाई! "बसा ना आप्पा, एक चक्कर मारू." हसू गेलं. "गॅस बंद केला का बगतो," म्हणाले आणि वर चढले. गॅसपाशी आई उभ्याच होत्या.

२० सप्टेंबर

दिवा नाही. वास नाही. अंजलीने ओढणी हुंगून पास केली.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी खाली गेले तर गाडी नवरीसारखी. एका हाताने धुतली, पुसली, झेंडूची माळ बांधली. बॉनेट उघडून हळदकुंकू वाहायला गेले तर इंजिनसुद्धा इतकं चकचकीत की बघून केस विंचरावेत. आई म्हणाल्या, "माझ्याकडं कवा येवढं बगितलं न्हाई ह्या मानसानं." आप्पा ऐकू न आल्यासारखं करून नारळ सोलत राहिले.

माझी लेक अपेक्षा मागे लागली, "आप्पा, चला ना, आई चक्कर मारून आणेल." नातीला ते कधी नाही म्हणत नाहीत. आज तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर गेले.

मला राग आला, लिहून ठेवते. माझ्यावर राग असेल तर बोलावं की! पोरीचं मन कशाला मोडायचं?

९ ऑक्टोबर

मोशीच्या अलीकडे. पिवळा दिवा. महिना पण झाला नाही!

११ ऑक्टोबर, शनिवार

गणराजने सेन्सर काढला आणि माझ्यापुढे धरला. टोक पांढरं. चुना लावल्यासारखं.

"सिलिकॉन आहे हे. इंजिनावर चमकवायचा स्प्रे मारतं का कुणी?"

तो हवेबरोबर आत ओढला जातो म्हणे, जळतो, आणि त्याची पांढरी राख सेन्सरच्या टोकावर बसते. सेन्सर आंधळा होतो. पाना परत करताना मी तिथेच टाकून आलेला आमचा जुना त्याने भंगारातून शोधून काढला. तोही पांढरा. "तेव्हा मीच नीट बघितलं नाही, वहिनी. वय झालं म्हणून मोकळा झालो."

नाही हो, आमच्याकडे कोण मारणार, असं म्हणून मी नळीला तात्पुरतं बूच लावून घेतलं आणि दोन्ही सेन्सर पर्समध्ये टाकले. आणि दसऱ्याचं ते चकचकीत इंजिन डोळ्यांपुढून हलेना.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे जिन्याच्या खिडकीतून बघितलं. आप्पा.

बॉनेट उघडलेलं. काखेत फडकं, डाव्या हातात स्प्रेचा डबा — कंपनीत असताना वापरायचे तसलाच. एअर फिल्टरचं झाकण काढून ठेवलेलं. आतून फवारा, फडकं, पुन्हा फवारा. मग झाकण लावलं. मग चारही टायर अंगठ्याने दाबून बघितले. काच पुसली, आरसे पुसले, पुढच्या दिव्यांवरून हात फिरवला. बॉनेट इतकं हळू बंद केलं की आवाज आला नाही.

म्हणजे रोज. मी उठायच्या आधी, रोज. मला वाटायचं, आमच्या गाडीवर धूळ कमी बसते.

चवड्यांवर वर आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. ज्यांना बिघडवायचं म्हणून माहीत नाही, त्यांच्याच हातून बिघडतेय. हे कोणत्या तोंडाने सांगू? गाडीत बसत नाहीत, निदान हात तरी लावतात. तेवढंही तोडू?

१४ ऑक्टोबर

सांगितलं नाही. युक्ती केली.

नवा सेन्सर बसवला. फिल्टरच्या झाकणाला प्लास्टिकच्या पट्ट्या ओढून बांधल्या — एका हाताने सुटायच्या नाहीत. बाहेरून किती का चमकवेनात. पट्ट्या गणराजने बांधल्यात, काढायच्या नाहीत, असं आप्पांना सांगितलं.

"पण सेन्सर का गेला परत?"

"दुकानदाराने डुप्लिकेट दिला, आप्पा."

पटकन निघून गेलं तोंडातून. त्यांनी मान हलवली. झालं, सुटले मी!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सुटले कसली.

संध्याकाळी घरी आले तर आई दारात. आप्पा दुपारपासून नाहीत. झटक्यानंतर ते गल्लीच्या बाहेर एकटे गेलेले नाहीत. फोन घरीच. शेखर निघाला होता हिंजवडीहून, मी गाडी काढून गल्लीगल्लीतून हिंडले. आळंदी रोडला बसस्टॉपपाशी दिसले, बसमधून उतरताना. चप्पल धुळीने भरलेली. मी गाडी थांबवली, दार उघडलं. त्यांनी नुसता हात केला — पुढे जा. मी गाडी त्यांच्यामागे चालण्याच्या वेगाने घरापर्यंत आणली. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दे म्हटलं.

पिंपरीला गेले होते. बसने. खिशात तो पांढरा सेन्सर, माझ्या कपाटावरून घेतलेला. दुकानदाराशी भांडायला! माझ्या सुनेला डुप्लिकेट माल देतोस, म्हणून.

त्याने टोक बघून सगळं सांगितलं म्हणे. स्टुलावर बसवलं, चहा पाजला. आप्पांनी हे आईंना सांगितलं. मला फक्त एवढंच — "त्याचा दोष न्हवता."

१७ ऑक्टोबर

कचऱ्याच्या बादलीत स्प्रेचा डबा. अर्धा भरलेला. पहाटे खिडकीतून बघितलं. खाली कुणी नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरात चकल्यांचा वास आणि आप्पा गॅलरीत तोंड फिरवून. शेवटी मी जाऊन पायाशी बसले. चुकलं माझं, म्हटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले.

म्हणाले, "लाइनवर माझ्या हातनं वरखडा गेला तर सुपरवायझर दावायचा. हे बग बबन, तुझा हाय. मी दुरुस्त करायचो. कुणी झाकला तर पुढची गाडी बी तशीच जायची."

मीही लॅबमध्ये हेच करते की. चूक दाखवते, नावासकट.

"तू मला आजारी धरून बोललीस, तनुजा. त्याचं वाईट वाटलं. सेन्सरचं न्हाई."

हे मला त्यांनी पहिल्यांदा मनातलं सांगितलं, आणि तेही असलं. मी त्यांचा ढिला हात हातात घेतला. आप्पांनी काढून घेतला नाही. पण खाली मात्र आले नाहीत.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळणीच्या वेळी आप्पा कुठे तरी बघत होते. आईंनी विचारलं, "कसला इचार चाललाय?" म्हणाले, "झाकायचं न्हाई म्हनलो पोरीला."

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. खाली गेले तर आप्पा गाडीत! डावीकडे. पट्टासुद्धा लावलेला.

"चाकणपातूर येतो. बशीनं माघारी जाईन."

मी गाडी काढली. भोसरी मागे पडल्यावर समोर बघतच बोलले. "दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी अपेक्षाला क्लासवरनं आनत हुतो. ह्याच शीटवर झोपली हुती. फुडं ट्रक थांबला, न् माजा पाय ब्रेकवर गेलाच न्हाई. हँडब्रेक वढला म्हनून वाचलो. कुनाला सांगितलं न्हाई. तवापासनं ह्या शीटकडं बगवत न्हवतं."

आणि मी समजत होते, त्यांचा माझ्यावर राग आहे.

"आता तू न् ती ह्यात फिरता. म्हनून बगून ठिवायचो रोज."

मोशीच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला. त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला गेला. पुढच्या चौकातही. चाकणपर्यंत प्रत्येक वेळी, माझ्याही आधी.