ताडपत्रीच्या बदल्यात कॉर्बिन

ब्रँट्स फेरी,
शुक्रवार, पोस्ट उघडायच्या आधी

प्रिय ल्युसिलताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार पोचावा. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? मागच्या पत्रात तू दोन्ही लिहिले होतेस.) तुझी कॅनरी पुन्हा गाऊ लागली का? आमच्याकडे तुझी भावजय आर्डिस ठणठणीत आहे, बागेत भोपळे माजलेत, माझं पोट डॉक्टरांच्या मते वाढलंय आणि माझ्या मते होतं तिथंच आहे. पत्रासोबत एक छोटं खोकं पाठवलं आहे. पत्र संपेपर्यंत ते उघडू नकोस. मी तुला पुरता ओळखून आहे. नाताळचं पार्सल नोव्हेंबरात उघडून पुन्हा चिकटवणारी तूच होतीस आणि मार मी खाल्ला होता. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती बोलतेस. शिवाय चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसानं महत्त्वाची गोष्ट फोनवर सांगावी हे मला पटत नाही.

ताई, या आठवड्यात मला इतके धक्के बसलेत की मी अजून खुर्चीचा हात धरून बसलो आहे. पहिल्यापासून सांगतो. तुमच्या मरडॉकसारखीच आमच्याकडेही पद्धत आहे, ती तुला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात बेसबॉल संघाची पोरं गावात येतात, त्यांना राहायला जागा नसते, मग घरोघरी एकेक वाटून देतात. यंदा आमच्या माडीवर कॉर्बिन टॅकेट आला. बावीस वर्षांचा, केंटकीच्या डोंगरातला, खांदे दारात मावत नाहीत असे. आमच्या संघात (तू 'पाणउंदीर' हे नाव घेऊन खिदळतेस तोच संघ) डावीकडे लांब, लेफ्ट फील्डला खेळतो. म्हणजे खेळत होता. 'खेळत' हा शब्दही मी मन मोठं करून वापरतोय. जून संपेपर्यंत तो शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला, त्यात चेंडू धड लागला चौदा वेळा. मैदानात तर त्याहून कमाल. चेंडू त्याच्या पुढ्यात पडायचा आणि हा मागे कुंपणाकडे धावत सुटायचा. एकदा तर तो अगदी जीव तोडून एका कबुतराखाली जाऊन हात पसरून उभा राहिला.

शिवाय वागणं! मला वाटलं पोरगं शिष्ट आहे. मी दर सामन्याला बाकांच्या तिसऱ्या रांगेत, माझ्या नेहमीच्या जागी बसून त्याला हात करायचो. हा सरळ माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. ज्याच्या घरी जेवतो त्याला साधा हात करू नये? घरी टीव्हीसमोर असा बसायचा की पडद्याला नाक टेकेल, मागच्यांना काही दिसो न दिसो. एका सकाळी जिन्यापाशी खुंटीला टांगलेल्या माझ्या रेनकोटाला तो "काय काका, आज लवकर?" म्हणाला. मी मागेच उभा होतो. मला तो टोमणा वाटला. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, ती आर्डिसकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळलेली बरी. सोमवारी सकाळी आपल्या रेडिओवर बर्लचा कार्यक्रम असतो, लोक फोन करून संघाबद्दल बोलतात. गेले पाच सोमवार मी माडीवरून फोन करत होतो. नाव सांगायचो नाही. "पूर्व भागातला एक जुना चाहता" म्हणायचो आणि फोनवर रुमाल धरून आवाज जाडा करायचो. म्हणायचो, या टॅकेटला द्या कुणालातरी, बदल्यात काहीही घ्या. लोकांना आवडायचं. पिठाच्या दुकानात माझ्यासमोर माझीच वाक्यं ऐकवायचे आणि मी "हो का?" म्हणायचो.

या सोमवारी मी फोन लावला, रुमाल धरला, बोलायला लागलो. बर्ल म्हणाला, "काका, आधी घरातला रेडिओ बंद करा, तुमचाच आवाज परत येतोय." (हे तो सगळ्यांनाच सांगतो, गेली वीस वर्षं, आणि कुणीही ऐकत नाही.) रेडिओ खाली स्वयंपाकघरात होता. मी म्हटलं, असू दे, आपलं पुढं चालू ठेवू. म्हणालो, "या पोराला बॅटीऐवजी केरसुणी दिली तरी फरक पडायचा नाही." आणि नेमकं तेव्हाच जिन्याखालून आर्डिस ओरडली, "ऑरविल! कॉर्बिन विचारतोय, तुला अंडी तळून हवीत की उकडून? आणि फोन ठेव आता, मला केसांची वेळ घ्यायचीय!"

सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं. बर्लनं आधी खोकून घेतलं. मग म्हणाला, "उकडून घ्या काका, पोटाला बरी."

मी खाली कसा उतरलो मलाच ठाऊक नाही. कॉर्बिन ओट्याशी उभा होता, माझ्यासाठी अंडी उकडत. वाटलं, आता पातेलं माझ्या डोक्यावर येणार. तर म्हणतो कसा, "तुमचं बरोबर आहे काका. मी चुकीच्या वेळी बॅट फिरवतो. आज जास्त सराव करीन." ताई, तो चिडला असता तर मी निभावलं असतं. त्यानं अंडं सोलून माझ्या ताटलीत ठेवलं.

मंगळवारी दुपारी संघाच्या समितीची सभा, अग्निशमन केंद्रात, बंब बाहेर काढून. मी चिटणीस. अध्यक्ष ड्वेन ओबर्गनं कागद वाचला. तुमच्या मरडॉकनं कॉर्बिनला मागितलं होतं, आणि बदल्यात देत होते एक ताडपत्री. पावसात खेळपट्टी झाकायची ती हिरवी, एकदाच वापरलेली. खेळाडू नाही, अर्धा खेळाडू नाही, ताडपत्री! त्याहून मोठा धक्का म्हणजे बाकी कुणालाच काही वाटलं नाही. उलट "किती फुटी?" म्हणून विचारणा सुरू झाली. (आपली ताडपत्री मे महिन्यात चर्चच्या छपरावर टाकायला नेली आणि वाऱ्यानं नदीत गेली. त्यापायी जूनमध्ये चार सामने चिखलात वाहून गेले, हे खरं आहे.)

मग जी जुंपली! गुरांचे डॉक्टर प्रुइट (आपल्या संघाचेही तेच डॉक्टर) म्हणाले, "ताडपत्री निदान जिथं पसरू तिथं चेंडू अडवेल." सगळे हसले. शाळेची बस चालवणारी रमोना उठून म्हणाली, "लाजा वाटत नाहीत? बावीस वर्षांचं पोर आहे. जरा थांबा की त्याच्यासाठी!" ओबर्ग म्हणाला, "मी थांबतो गं बाई, पाऊस थांबेल का?" रमोना म्हणाली, "तुझं स्वतःचं पहिलं वर्ष आठव. तू तर बॅट खाली टाकायची विसरून ती घेऊनच पहिल्या बेसला पळाला होतास." त्यावर ओबर्गचे कान लाल झाले. असं तासभर चाललं. हात वर झाले तेव्हा चार इकडे, चार तिकडे. नववा मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "जुन्या चाहत्याचं मत तर सोमवारीच कळलंय."

मी उभा राहिलो. म्हणालो, हा आपल्या गावाचा अपमान आहे. माणसाच्या बदल्यात नुसती ताडपत्री? निदान त्यांचं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्रही मागा, नाहीतर राहू द्या. मरडॉकवाले ते यंत्र कुणाला हात लावू देत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. ओबर्गनं तिथंच फोन लावला. दोन मिनिटं. "हो म्हणाले," तो म्हणाला. ताई, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? माझा हात वर गेला. माझाच होता, पण कुणीतरी दोरीनं ओढावा तसा गेला.

घरी आलो. कॉर्बिन पडवीत बसला होता. मी त्याच्या हातात बदलीचा कागद दिला, सही कुठं करायची ते दाखवलं. त्यानं कागद उचलला आणि नाकाला लावला. वास घेतोय असं वाटावं इतका जवळ. मी बघत राहिलो. मग विचारलं, "कॉर्बिन, समोरच्या घराचा नंबर काय?"

"कुठल्या घराचा, काका?"

समोर एकच घर आहे. पिवळं आहे. त्याच्या दारावर माझ्या हाताएवढे आकडे आहेत.

मग त्यानं सगळं सांगितलं. गेल्या हिवाळ्यापासून लांबचं धूसर दिसायला लागलं. सांगितलं तर घरी पाठवतील, आणि घरी आईला त्यानं सांगून ठेवलंय की पोरगा आता खेळाडू झाला. "तपासणी केली होती ना?" मी म्हटलं. म्हणाला, "प्रुइट डॉक्टरांकडे अक्षरांचा एकच तक्ता आहे काका, रांगेतल्या पोरांनी पाठ करून एकमेकांना सांगितला." मी विचारलं, मग ते चौदा चेंडू मारलेस कसे? तर म्हणे, समोरून पांढरं काहीतरी निघतं, मग मनात एक, दोन मोजायचं आणि फिरवायचं.

ताई, विचार कर! न बघता चौदा! बघून किती मारील? आणि पत्त्यावरचं अक्षर वाचता न येणारी म्हातारी दारातूनच ओळखणारा मी, दोन महिने त्याच्यासमोर बसून पॅनकेक खात होतो आणि त्याला शिष्ट म्हणत होतो. तसाच मैदानावर गेलो, ओबर्गला सांगायला. पण ताडपत्री तोवर आली होती. ओबर्गनं ती पसरली होती आणि मोजे काढून तिच्यावर चालून बघत होता. इतका आनंदात मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी काहीच न बोलता परत फिरलो.

बुधवारी सकाळी कॉर्बिनला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो, माणसांच्या डॉक्टरकडे. चष्मा गुरुवारी संध्याकाळी मिळणार होता, आणि तुमच्या संघाची गाडी बुधवारी दुपारीच दारात उभी. आर्डिस रडली. मी त्याची बॅग गाडीत ठेवली आणि तिचा पट्टा तीनदा तपासला. तो म्हणाला, "काका, तिकडे हा रेडिओ ऐकू येतो का?" मी म्हटलं, येतो. एवढंच बोलणं झालं. असो. व्यवहार म्हणून बघितलं तर गावाचा फायदाच झाला, संघाला एक डोकेदुखी कमी झाली, आणि आमची माडी मोकळी झाल्यानं मला दुपारी शांतपणे झोपता येतं. मी अगदी मजेत आहे.

कॅनरीला गोंजार. गुडघ्यांना, जे कुठले असतील त्यांना, शेक दे.

तुझा,
ऑरविल

ता. क. तुझ्या लेकाची, डेलची खोली तो ओमाहाला गेल्यापासून रिकामी आहे. तुमच्या संघानं कॉर्बिनला सध्या मोटार दुरुस्तीच्या दुकानावर झोपवलंय असं कळलं. तू त्याला ठेवून घे. चार अंडी खातो, भांडी स्वतः घासतो, सामन्याबद्दल आपण विचारलं नाही तरी विचारल्यासारखं उत्तर देतो. मरडॉकची ती निळी टोपी घालून त्याच्यासमोर नाचू नकोस.

ता. क. २. आता खोकं उघड (उघडलं असशीलच). आत चष्मा आहे, मागे पट्टा लावून घेतलाय. पत्र उद्या शनिवारी तुला मिळेल. चष्मा त्याला सोमवारी दे. कारण रविवारी तुमचा संघ आमच्याकडे खेळायला येतोय आणि माझंही काही गावाशी नातं आहे. मी पावसासाठी प्रार्थना केली असती, पण आता पाऊस येऊनही उपयोग नाही, आमच्याकडे ताडपत्री आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवून पुन्हा उघडलंय. आर्डिसनं वाचलं आणि पेन पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवलं. एक खरं सांगतो, ते कुणाला सांगू नकोस. गवताचं यंत्र मी त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच मागितलं होतं. चष्मा त्याला उद्याच दे, मिळाल्या मिळाल्या, जेवायच्याही आधी. रविवारी मी तिसऱ्या रांगेत नेहमीच्या जागी बसेन आणि त्याला हात करीन. बघू दे त्याला.