रंगाखालची चीर

४ मार्च, मंगळवार

मी बोलेन ते सगळं लिहायचं, सूनबाई. मला अक्षर येत नाही, तू गाळलंस तरी कळायचं नाही. पण तू गाळणार नाहीस — तेवढी हिंमत कुठली तुझ्यात! हेही लिही.

चिपरच्या दांड्याला चीर गेलीय. फांद्या गिळून भुसा ओकणारं आमचं ते धूड गाडीमागे ज्या दांड्यानं ओढतात, त्यालाच. रोज सकाळी मी रॉकेलच्या फडक्यानं पुसते त्याला. आज पुसून कोरडं केलं आणि वर तुझी तोंडाला लावायची पावडर फुंकली. चिरेत मुरलेलं रॉकेल परत वर आलं — पावडरीवर केसाएवढी काळी रेघ!

मुलाला दाखवली. "आई, रंग तडकलाय." रंग म्हणे! आणि तुला चिंता काय, तर पावडर संपली.

६ मार्च

वेल्डर आला. "अख्खा दांडा बदला. आठवडाभर मशीन उभं राहील."

मुलगा म्हणाला, "ऐन कामाच्या दिवसांत? पट्टी मार."

"मारतो. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

पट्टी बसली. वर निळा रंग. नटवली बयेला!

७ मार्च

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. बरंय. घसा वाचला.

१० मार्च, सोमवार

पट्टीच्या पलीकडून चीर बाहेर आलीय. बोटभर. पुन्हा हाताला धरून नेलं त्याला.

"साखळ्या आहेत ना, आई!"

अरे शहाण्या, साखळ्या अडकवल्यात कुठे? चिरेच्या पुढे, हुकापाशी! दांडा तुटला की साखळ्या जातील गाडीबरोबर आणि धूड सुटेल मोकळं. परवा टेकडीवरचं काम. उताराच्या पायथ्याशी नातीची शाळा. एवढंच म्हटलं, तर म्हणतो, "अभद्र बोलू नकोस." दांडा चिरला तर चालतो, मी तोंड उघडलं की अभद्र!

तू तिथंच होतीस. भांडी घासत. पोटच्या पोरीची शाळा आहे ती, सूनबाई! नवऱ्यापुढे ब्र काढशील तर शपथ. पेन थांबवू नकोस. मी तुझ्याबद्दलच बोलतेय, लिही.

११ मार्च, मंगळवार

चिपरसमोर खुर्ची टाकून बसले. मुलानं खुर्चीसकट उचललं आणि दारात आणून ठेवलं. लहानपणी चुलीकडे रांगत गेला की मी त्याला असंच उचलायचे. परतफेड झाली म्हणायची.

"उद्या सकाळी निघतोय, आणि आता पुरे," असं म्हणाला. बापाचाच आवाज. बापाचं डोकं मात्र नाही आलं.

थकले मी. घालू दे काय गोंधळ घालायचा तो. मी काय, भिंतीवरची पाल. चुकचुकते फक्त.

१२ मार्च, बुधवार

मुलगा डिझेल भरायला गेला. मी न्हाणीत होते. शेडमधून लोखंडाची किंचाळी आली, बराच वेळ. ओल्या केसांनी बाहेर आले तर दांड्याचे दोन तुकडे! चिरेपाशी नाही, वीतभर अलीकडे, चांगल्या लोखंडातून. सरळ कापलेला. पट्टी तशीच, रंग तसाच. लोखंड कापायचं ग्राइंडर अजून गरम.

आणि तुझ्या बाहीला ही बारीक बारीक भोकं कसली गं? जळल्यासारखी?

मान वर कर.

गाडीचा आवाज येतोय. तो येऊन विचारेल. आता नीट ऐक आणि लिही: दांडा म्हातारीनं कापला. मागचं सगळं खोड. अगं, हे नको लिहूस — तेवढंच लिही!