ब्राउनीला कणीक, आणि घरची नाचणी

वाघोली, पुणे

अहो, चष्मा कपाळावर आहे, तो डोळ्यांवर ओढा आणि मग वाचा. अक्षर नात कृत्तिकाचं, बोलणं माझं.

इथे सगळं छान आहे. कृत्तिकाला गहू सोसत नाही, म्हणून ओटच्या पिठाची ब्राउनी केली. पण सवयीनं भांड्याला तूप लावून कणीक भुरभुरली! सगळ्यांनी खाल्ली, ती नुसती बघत बसली. ‘अगं, कणीक!’ म्हणून ओरडायला तुम्ही हवे होतात.

वेळेवर जेवता ना? तांबडी गाय माझ्यासाठी हंबरते, की तिलाही तुमच्यासारखा विसर पडला?

आता घरची नाचणी पाठवा. गिरणीत दळू नका, तिथे गहू मिसळतो. नाहीतर पाठवूच नका, तुम्हीच घेऊन या. दोघं मिळून निवडू.

तुमच्या विजयमालाचा अंगठा