बशीतले पहिले दिवस

अण्णा, नांदेडच्या दवाखान्यातून परत येताना एसटीत मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होते. तेच आता लिहून काढते आहे.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात तुम्हाला जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यातून औशाकडे पाठवलं होतं. एकदा तुम्ही मला मोटारसायकलवर सोबत नेलंत. आपल्या दोघांच्या मध्ये वीर्य गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर. पत्र्याच्या शेडपुढे एक म्हातारी गाय धरून उभी आहे. तिचं घर पडलं, गाय वाचली. तुम्ही झाकण काढता. पांढरी वाफ वर न जाता कडेवरून खाली उतरते. आतून वीर्याची बारीक कांडी निघते, तुम्ही ती कोमट पाण्यात धरता. म्हातारी म्हणते, "डॉक्टर, वळू थर्मासात घालून आणलाव व्हय?" शेडमधल्या बाया हसतात. त्या गावात मी ऐकलेलं ते पहिलं हसू. मग ती आवाज खाली आणून विचारते, असं भरवलेल्या गाईच्या वासरात काही खोट राहते का. तुम्ही नाही म्हणत नाही. "वासरू झालं की सांगावा धाडा, मावशी. बघायला येतो."

सांगावा आला आणि आपण गेलो. तुम्ही वासराकडे इतका वेळ पाहत राहिलात की म्हातारीच घाबरली. त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी तिला सांगितलं की अण्णांनी वासरू बनवलं. तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "बनवलं म्हणायचं न्हाई. मी नेऊन ठेवतो. पुढचं काय होतं ते मलाबी दिसत न्हाई." एवढ्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता.

आता मी लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा क्लासच्या पाट्या तुरळक होत्या, आता गल्ल्या त्यांनीच ओळखल्या जातात. भोकरपासून मुलं येतात, दाटीवाटीनं बसतात. मी त्यांना आनुवंशिकता शिकवते. चार पर्याय, एक बरोबर.

आम्हाला मूल होत नव्हतं. नांदेडला उपचार घेतले. आमचा गर्भ प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवून तिथं गोठवून ठेवला होता. तो माझ्या पोटात सोडायच्या आधी मी डॉक्टरबाईंना विचारलं, बशीत राहिल्यानं बाळाला काही होतं का. त्यांनीही नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, जनुकं तीच राहतात. पण कोणतं बोलेल आणि कोणतं गप्प बसेल, याच्या खुणा त्यांच्यावर असतात. पहिल्या दिवसांत त्यांतल्या बऱ्याच पुसल्या जातात आणि नव्यानं उमटतात. काही मात्र पुसायच्या नसतात, आईकडून आलेल्या, बापाकडून आलेल्या. हे सगळं एरवी पोटाच्या अंधारात होतं, इथं बशीत. क्वचित एखादी खूण चुकते. बाळ फार मोठं होतं, जीभ मोठी असते, काही त्रास पुढंही राहतात. बहुतेक मुलं निरोगी असतात. आणि दोष बशीचा, औषधांचा, की मूल न होण्यामागच्या मूळ कारणाचा, हे अजून नीट सुटलेलं नाही. बशीत वाढवलेल्या गर्भांचं असं बिघडणं आधी वासरांत आणि कोकरांत दिसलं होतं, असंही त्या म्हणाल्या. मी खुर्चीत सरळ बसले.

बाहेर आल्यावर माझा नवरा म्हणाला, "थांबू या का? तू सांग." मी म्हटलं, कळत नाही. तो हसला. "पोरांना पर्याय टिपायला शिकवून राहिलीस, आन् इथं अडलीस." चुकलंच तर भोगणार ते तिसरंच कुणी होतं, आणि त्याला विचारायची सोय नव्हती.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरबाईंनी पडद्यावर गर्भ दाखवला. करड्या उजेडात एक गोल, कडेनं दाटीनं पेशी, एका बाजूला छोटा पुंजका. गोठलेला होता, आता हळूच फुगत होता. काय करायचं ते कुणी त्याला सांगत नव्हतं. कुठं कोणती खूण लागते आहे, हे त्या खोलीतल्या कुणालाच दिसत नव्हतं. हे मी कित्येक वर्षं फळ्यावर काढत आले आहे. चालू असताना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "करायचं ना?" मी हो म्हटलं.

नवऱ्याला वाटतं मी सगळा विचार करून हो म्हटलं. तसं नाही, अण्णा. त्या क्षणी मला धोका आठवलाच नाही. मी नुसती बघत होते.