बिनहातांची खुर्ची

सोमवार, १८ नोव्हेंबर
आज महाळुंग्याच्या कोठीवर साइट इंजिनियर म्हणून रुजू झाले. रहाटणीच्या खोलीपासून स्कूटीने पन्नास मिनिटं, त्यातली वीस कंटेनरच्या मागे. पण फाटकातून आत आले आणि हेल्मेट काढायच्या आधीच हसू आलं. इतकं नेटकं दुरुस्तीचं काम मी पाहिलेलं नाही. चुन्याचा गिलावा, मूळच्या खिडक्या, प्लायवूड कुठेही नाही. कुंपणापलीकडच्या कारखान्यात प्रेसचा ठोका दर चार सेकंदांनी पडतो. मोजला.

मालकीण विजयश्रीताई इथे लग्नसमारंभ सुरू करणार आहेत. पहिलं लग्न १२ डिसेंबरला. त्याआधी दिवाणखान्याच्या चौथऱ्यावर तीन सागवानी खुर्च्या हव्यात, कोठीच्या जुन्या मापवहीबरहुकूम.

मंगळवार, १९
वहीतली मापं सुतांत आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच. सगळी मिलिमीटरमध्ये आणली. सयाजी मिस्त्री इथल्याच गावचा. म्हणाला, म्याडम, तुमचा मिलिमीटर म्हंजी आमच्या बायकोचा राग, दिसत न्हाई पर हाय.

पहिल्या खुर्चीच्या हातांवर बोटांसाठी खाचा आहेत. डावीकडे चार, उजवीकडे तीन. दुसरीला पाय टेकायची पाटी फक्त डाव्या बाजूला. तिसरीला हातच नाहीत. तिच्या बैठकीखालच्या समोरच्या फळीत साडेतीन इंची दोन गोल भोकं, कारण दिलेलं नाही. मला या चुका वाटल्या. ताई म्हणाल्या, आहे तसंच करा.

वहीत शेवटचा रकाना आहे, ‘कोणाच्या नावावर’. कंपनीत आम्ही जॉब माणसाच्या नावावर टाकतो, तसाच. मी तक्ता केला. पहिली सयाजी, दुसरी ज्योतीराम पॉलिशवाला, तिसरी मी, कारण तिला काम कमी. ताईंनी तक्ता नावांवरून बोट फिरवत वाचला. मग म्हणाल्या, अक्षर फार छान आहे हो तुमचं.

बुधवार, २७
पहिली खुर्ची काल पूर्ण झाली. आज अकरा वीसला सयाजीचं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट रंधा मशीनमध्ये गेलं. गार्ड जागेवर होतं, सकाळी मीच तपासलं होतं. ज्योतीराम त्याला दवाखान्यात घेऊन गेला. ताईंनी एवढंच विचारलं, खुर्चीवर काही उडालं नाही ना?

सोमवार, २ डिसेंबर
सयाजी पट्टी बांधून आला. ताईंनी त्याला खुर्चीत बसवलं, हात ठेवायला लावला. उरलेली तीन बोटं तिन्ही खाचांत बसली. ताईंनी टाळी वाजवली. बाकीचे हसले. सयाजीही हसला, हसावं लागलं म्हणून.

नंतर कुंपणापाशी त्याने मला सांगितलं. त्याच्या आज्याच्या वेळेला इथले सरकार चुकलेल्या नोकरासाठी आधी खुर्ची करवून घेत. मग माणूस खुर्चीच्या मापाचा करत. तो रकाना बनवणाराचा न्हाई, बसणाराचा हाय. माझ्याकडे न बघता म्हणाला, नाव तुमीच लिवलं, म्याडम.

गुरुवार, ५
सकाळी तक्ता फाडला. ज्योतीरामला त्याच्या गावी, लातूरला निघून जायला सांगितलं. तो हसला, म्हणाला, मॅडम, तुम्ही इंजिनियर ना?

दुपारी तीन दहा. शिफ्ट सुटायची वेळ. फाटकाबाहेर कंटेनर. ज्योतीरामचा उजवा पाय, गुडघ्याखालून.

त्याची खुर्ची कालच पॉलिश होऊन चौथऱ्यावर गेली होती.

तक्त्यावरून ताईंनी नावाच्या पितळी पट्ट्या आधीच कोरून आणल्यात. प्रत्येक खुर्चीत बैठकीखाली, आतून बसवल्यात.

शुक्रवार, ६
ताईंना माझ्या नावाची पट्टी काढायला सांगितलं. म्हणाल्या, काढा की, कोण अडवतंय? दुसरं नाव घालायचं असेल तर सांगा, पट्टी तासाभरात होते. पेन पुढे केलं.

लिहिलं नाही. पण दोन नावं मनात आली. त्यातलं एक सयाजीचं होतं – त्याचं तर एकदा झालंच आहे, या हिशेबाने.

नोकरी सोडून जाता येईल. पण ज्योतीराम फाटकाबाहेर होता.

शनिवार, ७. दुपारी बारा
माझ्या नावाची खुर्ची चौथऱ्याला बोल्टने जखडलीय. बोल्टची डोकी झिजवलेली. बैठक पक्की चिकटवलेली. पट्टीपर्यंत पोचायचं ते भोकातूनच. भोक ८९. कोपराशी माझा हात ७८. अकरा मिलिमीटर मोकळे. स्क्रू दोनच. पुरेसं आहे.

शनिवार. एक पाच
डाव्या हाताने लिहितेय. वही चौथऱ्यावर, अक्षर वाईट.
एक स्क्रू निघाला. मग लाकूड आवळलं. उजवा हात कोपरापर्यंत आत. सागवान इतकं फुगत नाही. फुगत नाही.

एक वीस
भोक आता ६६ असावं. बोटं लागत नाहीत. ओरडले. प्रेसच्या ठोक्यात ऐकू जात –

ताई आल्या. सयाजी मागे. मी त्याला म्हणाले, करवत आण. त्याने ताईंकडे पाहिलं.

एक तीस
ताई म्हणतात, दुसऱ्या भोकातून डावा हात घाला, पट्टी दोन्ही हातांनी ओढा, सुटेल. अगदी मायेने म्हणतात. सयाजी मान हलवतोय – हो म्हणतोय की नको – तीन बोटांचा हात पाठीमागे धरून –

उजवा दिसत नाही. दुखतही नाही आता. ५० –
पट्टी निघाली तर नाव निघेल. एकच स्क्रू –

डावा घालायचा तर पेन खाली ठे