कावळ्याला मालिका कळत नाही

श्रीरामपूर मुक्कामी राधाकृष्णराव यांस, जामखेडच्या माळावरून गहिनीनाथचा दोन्ही हात जोडून रामराम.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. तुमचं पत्र उन्हाळ्यात आलं आणि आता ज्वारीत दाणा भरला. रंगुबाई वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर उतरली का? पावसाळ्यात रेल्वे फाटकाजवळ पडला होता, ते दुखणं राहिलं का? (सगळं आधीच विचारून घेतो, नाहीतर पुढं राहून जाईल.) लिहायला मी पुष्कळदा बसलो. पण पत्रात पहिलं वाक्य काय असतं? इकडे आम्ही सर्व खुशाल. चौथीत गुरुजींनी एवढं एकच पक्कं करून घेतलं. 'इकडे छबू खुशाल आहे' इथपर्यंत पेन सरळ चालतं. पुढं 'मी' लिहिलं की हात थांबतो. मी खुशाल आहे असं लिहावं, तर त्याची मला खात्री नाही, आणि घरच्या माणसाला खोटं लिहू नये. असे बरेच कागद चुलीत गेले. तुम्ही म्हणाल, फोन करायचा. केला की. तुम्ही उचलला आणि "हॅलो, कोन हाय, आवाज न्हाई येत" असं म्हणून ठेवून दिला. मी मोठ्यानं बोलत होतो, राधाकृष्णराव. त्याच फोनवरून, त्याच ओट्यावरून छबूनं लावला, तर तुम्ही बहिणीशी कांद्याच्या भावावर पोटभर बोललात.

आपल्या घरात टीव्हीच्या मालिकेचं चित्रीकरण चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे. 'दाराला कडी नाही' तुमच्याकडंही बघतात आणि हसतात. हसायचीच मालिका आहे. पुढची खोली, ओटा आणि अंगण त्यांच्याकडं. मागची पडवी आणि चूल आमच्याकडं. नाव आपल्याच दारावरून पडलं. थोरल्याच्या लग्नात कपाट आत घेताना त्या दाराची कडी तुटली, मी बसवतो बसवतो म्हणत राहिलो, आणि कल्याण म्हणून जो दिग्दर्शक पोरगा आहे त्याला तेच आवडलं. आता तो बसवू देत नाही. म्हणतो, "काका, कडी लावलीत तर मालिकेचं नाव बदलावं लागेल." म्हणून दार वाऱ्यानं उघडतं, वाऱ्यानं लागतं. वारा नसला तरी उघडतं.

मालिकेतले म्हातारा-म्हातारी म्हणजे तुमच्या गावचे आप्पासाहेब आणि पुण्याच्या पुष्पावतीबाई. पडद्यावर त्यांचा संसार असा, की नवी लग्नं झालेली जोडपी त्यांच्या पाया पडायला येतात. आणि कॅमेरा बंद झाला की दोघं एकमेकांकडं पाठ करून बसत. भांडण कशावरून, तर खाकरण्यावरून. बाईंचं हशाचं वाक्य आलं की त्याच्या अगदी आधी आप्पासाहेब घसा खाकरायचे. लोक खाकरण्याला हसायचे आणि बाईंचं वाक्य त्या हशात बुडायचं. बाईंनी गोडीत विचारून बघितलं, "आप्पासाहेब, कफ झालाय का?" तर म्हणाले, "न्हाई बाई, तुमचं वाक्य घशाखाली उतरत न्हाई." तेव्हापासून बोलणं बंद. मग चहापासून सगळे निरोप माझ्यामार्फत. (बसायचे मात्र एकाच ओट्यावर. दुसरीकडं सावली असली तरी.) "काका, यांना सांगा, यांची उशी माझ्या खुर्चीवर आहे." "दाजी, त्यांना सांगा, खुर्चीच माजी हाय." छबू श्रीरामपूरची म्हणून ते मला दाजी म्हणायचे. मला ते बरं वाटायचं.

शेवटी जेवणाच्या एका प्रसंगात बाईंनी त्यांच्या ताटात खोट्या ठेच्याच्या जागी छबूनं कुटलेला खरा ठेचा वाढला. आप्पासाहेबांनी कॅमेऱ्यापुढं तो घास खाल्ला, गिळला, आपलं वाक्य शेवटपर्यंत म्हटलं, डोळ्यांतून धारा लागल्या तरी मान हलवली नाही. मग उठले आणि तोंडसुद्धा न धुता सामानाच्या टेम्पोत जाऊन बसले. जाताना एवढंच बोलले, "आता मला मेला समजा. पन माजा फोटो हार घालून भितीला लावाल तर याद राखा. जित्या मानसाला हार घालू न्हाई." हे मी माझ्या कानानं ऐकलं. शहाण्या माणसाला तेवढं पुरे होतं.

कल्याणनं मालिकेतल्या म्हाताऱ्याला मारून टाकलं. मारायला काही लागत नाही, पण फोटो लागतो. हसण्याची मालिका झाली तरी गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर हवाच. कल्याण दोन दिवस डोकं धरून बसला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "काका, तुमच्या आणि आप्पासाहेबांच्या मिशा सारख्याच आहेत की." मिशा सारख्या, टोपी सारखी, लांबून कोण बघतंय. छबू म्हणाली, नका देऊ. पण मला वाटलं, गावात इतकी माणसं आहेत, रोज टीव्हीवर कोण दिसतं? नातीच्या बारशातला माझा फोटो त्यांनी मोठा केला, चंदनाचा हार घातला आणि दारासमोरच्या भिंतीला लावला. खिळा मी स्वतः ठोकला.

पहिल्यांदा बाजारात जाणवलं. कडूबाई भाजीवालीनं मला बघून पदर डोळ्याला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "लई चांगला मानूस हुता." मी म्हणालो, कडूबाई, मी हाय की. ती म्हणाली, "व्हय, असाच बोलायचा," आणि मेथीची जुडी दुसऱ्याला दिली. येताना एसटीत कंडक्टर माझ्यापर्यंत आला, माझ्यावरून हात पुढं करून मागच्याला तिकीट दिलं आणि गेला. (आमच्या वयाला तिकीट नाही हे खरं, पण कार्ड तरी बघतो माणूस.) घरी छबू रोज मालिका बघायला माझ्याशेजारी बसते, आणि फोटो दिसला की रडते. मी विचारलं, काय झालं गं? डोळे पुसत म्हणाली, "ह्यांची लई आठवन येती." मी म्हणालो, अगं मी हितंच बसलोय. म्हणाली, "गप बसा, ऐकू द्या."

त्याच आठवड्यातलं सांगतो. मालिकेत फोटोपुढं रोज ताट ठेवतात, ते ताट छबूच करते. एक दिवस चित्रीकरणाला सुट्टी होती, तरी तिनं सवयीनं ताट करून पुढं नेऊन ठेवलं आणि माझं वाढायचं विसरली. मी पुढच्या खोलीत जाऊन फोटोपुढं मांडी घातली आणि ते ताट जेवलो. आमटी-भात होता. आपल्याच फोटोपुढं बसून जेवताना माणसानं कुठं बघावं हे कळत नाही, म्हणून मी ताटात बघत होतो. उठताना वर नजर गेली, तर फोटोतल्या मिशीला भाताचं शीत लागलेलं. मला वाटलं, माझ्याच हातचं उडालं असेल. मी उपरण्यानं काच पुसली. काच स्वच्छ झाली. शीत आतून होतं.

इकडं पुष्पावतीबाईंचं बिनसलं. आप्पासाहेब गेल्यावर रान मोकळं होतं, वाक्य त्यांचं आणि हशाही त्यांचाच. पण वाक्यापाशी आल्या की त्या थांबायला लागल्या. जिथं खाकरणं यायचं तिथं बरोबर थांबायच्या, कशाची तरी वाट बघितल्यासारख्या, आणि वाक्य पडायचं. कुणी हसेना. दुपारी मंडळी जेवायला गेली की त्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसत. "बोला आता. आता का गप्प? खाकरा की." बोलायच्या आप्पासाहेबांना आणि बघायच्या माझ्याकडं. मी मागं पडवीत शेंगा फोडत असायचो, मधे भिंत, पण मला ते कानानं नाही, छातीत ऐकू यायचं. बाईमाणूस आहे, वयस्कर आहे, कुणीतरी उत्तर द्यावं असं वाटायचं.

मग एक दिवस चित्रीकरण चालू असताना बाई वाक्यापाशी आल्या, थांबल्या, आणि खोलीत कुणीतरी घसा खाकरला. बाईंनी वाक्य टाकलं. कितीतरी दिवसांनी सगळी मंडळी पोट धरून हसली. मग एकेकाचं हसू विझत गेलं, कारण खाकरलं कोण? आवाज टिपणाऱ्या माणसानं परत लावून ऐकवलं. स्वच्छ ऐकू येत होतं, भिंतीच्या बाजूनं. सगळे फोटोकडं बघत उभे. बाई मात्र हसत होत्या आणि डोळे भरले होते. मी त्या वेळी ज्वारीत पाखरं राखत होतो, छबूला विचारा. (पण छबूला नका विचारू. मी विचारलं, तर म्हणाली, "तुमी तवा घरातच हुता. भितीवर.")

आता कावळ्याचं सांगतो, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल. मालिकेत माणूस गेल्यावर दहावा यायला दोन-दोन महिने लागतात, तसा तो परवा आला. बंधाऱ्याच्या काठी पिंड मांडला, मागं खुर्चीत माझा फोटो. (दहावा सकाळचा असतो, पण मालिकेत कल्याण म्हणेल तेव्हा सकाळ.) बेत विनोदाचा होता. कावळा शिवत नाही, म्हणून घरातला एकेक जण नको ती वचनं देत सुटतो. कावळा पुढं संगणकावर चिकटवणार होते. पण खरेच कावळे आले. बाभळीवर ओळीनं बसले आणि बघत राहिले. फोटोकडं नाही. मी गर्दीच्या मागं उभा होतो, माझ्याकडं.

कल्याणला खरा कावळा पाहिजे असं झालं. मालिकेतला मुलगा म्हणाला, तात्या, जमीन विकणार नाही. कावळा हलला नाही. सून म्हणाली, सासूबाईंना उलटून बोलणार नाही. (इथं सगळे हसले, कावळे सोडून.) कल्याणनं फरसाण टाकून बघितलं. कुणीतरी मोबाईलवर कावळ्याचा आवाज लावला. उन्हं उतरायला लागली आणि कॅमेरेवाले सामान आवरू लागले. तेव्हा पुष्पावतीबाई पुढं झाल्या. पिंडापाशी बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि हळू बोलल्या. मी गर्दीच्या मागं होतो, तरी मला छातीत ऐकू आलं. "आप्पासाहेब, चुकलं माझं. ठेचा मी वाढला. तुमच्यावाचून मला एक वाक्य येत नाही हो. परत या आणि खुशाल खाकरा." वाक्य संपलं नाही तोवर मधला कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडाला शिवला आणि गेला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो.

राधाकृष्णराव, तुम्ही किती दहाव्यांना बसला आहात. कावळा कधी शिवतो? गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते सुटलं की शिवतो. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवलेला मी बघितला नाही, तुम्हीही नाही. मंडळी म्हणतात, काका, मालिका आहे ती. पण कावळ्याला मालिका कळत नाही. त्याच्यापुढं फोटो माझा होता आणि माफी आप्पासाहेबांची होती. म्हणजे आम्हा दोघांतला कोणीतरी एक. पुढचं लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. आप्पासाहेबांना मी फोन लावतो. कधी वाजत राहतो. एकदा उचलल्यासारखा झाला, पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं, आणि मी बोललो तर "आवाज न्हाई येत" असंसुद्धा कुणी म्हणालं नाही.

बाकी ठीक. पाऊस बरा झाला. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. (आशीर्वाद लागत असेल तर.)

आपला,
गहिनीनाथ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. आप्पासाहेबांचं घर तुमच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे, कुणीही दाखवील. जाऊन या. बाहेर विचारून माघारी फिरू नका, लोक काहीही सांगतात, माझ्याबद्दलही सांगतात. आत जा, हात धरून बघा, ऊन लागतो का बघा. खाकरायला सांगा. असले तर बाईंचा निरोप सांगा: रोज दोन चहा मागवतात, एक फोटोपुढं निवतो. कल्याण म्हणतो, मेला तो म्हातारा नव्हताच, काशीला गेला होता, असं एका भागात उरकता येईल. ते आले की फोटो उतरेल. मला तो उतरवता येत नाही. दोनदा स्टुलावर चढलो. हार हाताला लागतो, फोटो लागत नाही.

दुसरा ता. क. छबूला यातलं काही कळवू नका, बीपी आहे तिला. हे लिहीत असताना आत्ताच आत आली, माझ्यापुढं उदबत्ती लावली आणि गेली. डास झालेत म्हणाली.

आणखी एक. उत्तर लवकर धाडा, मी रोज पोस्टमनच्या वाटेवर बसतो. आप्पासाहेबांचं काही बरंवाईट झालं असेल तर मला फार वाईट वाटेल, पण पाकिटावर माझं नाव घाला. ते धडधाकट असतील, तर पाकीट छबूच्या नावानं धाडा.